नव्वदच्या दशकातल्या मालिका: आज पाहिल्या तरी ताज्या वाटतात अशा कोणत्या?

कवडसा

नव्वदच्या दशकातल्या मालिकांचा विषय निघाला की गाडी शीर्षकगीतांवर येते आणि 'ते दिवसच वेगळे होते' इथे थांबते. या धाग्यात ते टाळूया. आठवणीत गोड वाटणाऱ्या मालिका पुष्कळ आहेत. मला जाणून घ्यायचंय ते असं: जिने ती मालिका तेव्हा पाहिली नाही, अशा आजच्या वीस वर्षांच्या मुलीला कोणती मालिका दाखवली तर ती शेवटपर्यंत बघेल आणि नंतर तावातावाने वाद घालेल? (पुढे कथानकं उघड होतील, ज्यांना पाहायचंय त्यांनी जपून वाचा.)

माझी पहिली पसंती 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन', १९९३ ते १९९९. त्यातही 'पास्ट टेन्स' हा दोन भागांचा प्रसंग, जानेवारी १९९५ मध्ये दाखवलेला. एका तांत्रिक अपघातामुळे चोविसाव्या शतकातल्या अंतराळस्थानकावरचे अधिकारी सिस्को, बशीर आणि डॅक्स हे तिघे २०२४ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोत येऊन पडतात. तिघांकडेही ओळखपत्र नाही, पैसे नाहीत. सिस्को आणि बशीर पोलिसांच्या हाती लागतात आणि त्यांची रवानगी 'सँक्चुअरी डिस्ट्रिक्ट'मध्ये होते. बेघर, बेरोजगार, मनाने आजारी अशा लोकांना भिंतीआड ठेवण्यासाठी शहरातला एक भागच वेगळा काढलेला असतो, तो हा. डॅक्स मात्र भेटते एका बड्या तंत्रज्ञान-उद्योजकाला. तो तिला नवं ओळखपत्र मिळवून देतो, राहायची सोय करतो, मेजवानीला बोलावतो. सिस्को काळा, बशीर सावळा, डॅक्स गोरी. पटकथा यावर भाषण देत नाही. दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवते आणि आपल्याला बघू देते.

त्यात ली नावाची एक कर्मचारी आहे. आत येणाऱ्यांची नोंद करणं हे तिचं काम. दंगल पेटते, ती ओलीस धरली जाते आणि बशीरशी बोलायला लागते. तिने एकदा नियमाकडे काणाडोळा करून एका बाईला मदत केली होती. वरिष्ठांना कळलं, नोकरी जाता जाता वाचली. त्यानंतर समोरच्या माणसाचा विचार करणं तिने सोडूनच दिलं. तिच्यात दुष्टपणा शोधूनही सापडत नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग बघताना घशात काहीतरी अडकतं.

चित्रीकरण चालू असतानाच लॉस एंजेलिसमधल्या बेघरांसाठी कुंपण घातलेली जागा करण्याच्या प्रस्तावाची बातमी वर्तमानपत्रात आली होती. लेखकांनी ती वाचून गोष्ट लिहिली नव्हती, गोष्ट आधीच लिहून झाली होती. २०२४ आलं तेव्हा अनेकांनी या भागाला 'भविष्यवाणी' म्हणून गौरवलं. मला ते कौतुक अपुरं वाटतं. भविष्य ओळखलं म्हणून तो भाग टिकला असं नाही. १९९५ मध्ये रस्त्यावर जे दिसत होतं त्याच्याकडे लेखकांनी नजर न चोरता पाहिलं, म्हणून तो टिकला.

तुमच्या यादीत काय आहे?

मुशाफिर

कवडसा, 'पास्ट टेन्स'ला पूर्ण अनुमोदन. याच मालिकेतला 'फार बियॉन्ड द स्टार्स' (१९९८) कुणी पाहिला नसेल तर पाहाच. १९५३ सालचा एक काळा विज्ञानकथालेखक, आणि त्याची कथा छापायला तयार नसलेलं मासिक. सिस्कोची भूमिका करणाऱ्या एव्हरी ब्रूक्स यांनीच तो दिग्दर्शित केलाय.

मला बोलायचंय 'द एक्स-फाइल्स'बद्दल, कारण या प्रश्नाचं सगळ्यात अवघड उत्तर तिथे आहे. सप्टेंबर १९९३ मध्ये ती सुरू झाली. 'सत्य बाहेर कुठेतरी आहे' आणि 'कुणावरही विश्वास ठेवू नका' ही तिची दोन ब्रीदवाक्यं. तेव्हा तिचा नायक, एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेतला मल्डर, एकटा होता. तळघरातली कचेरी, भिंतीवर उडत्या तबकडीचं पोस्टर, आणि सरकार काहीतरी लपवतंय हे सांगत फिरणारा, कुणी न ऐकणारा माणूस. आपण त्याच्या बाजूने होतो कारण तो दुबळा होता.

आज तोच माणूस लाखो श्रोत्यांसमोर बोलतो. लसीबद्दल, निवडणुकीबद्दल, भूकंपाबद्दलसुद्धा. त्यामुळे परग्रहवासीयांच्या कटाचं मालिकेतलं मोठं कथासूत्र मला आता बघवत नाही. 'सगळे मिळून फसवताहेत' हे उत्तर तिथे फार लवकर हाताशी येतं.

पण त्याच मालिकेत डॅरिन मॉर्गन यांनी लिहिलेले भाग आहेत. 'होसे चुंग्ज फ्रॉम आउटर स्पेस' (१९९६) मध्ये एकच घटना जो तो आपापल्या परीने सांगतो. कुणी खोटं बोलतोय असंही ठामपणे म्हणता येत नाही, आणि शेवटी हातात एकसंध सत्य उरत नाही. हा भाग तेव्हा गंमत म्हणून पाहिला गेला. आज पाहिला तर तो मालिकेतला सगळ्यात गंभीर भाग वाटतो.

निळाई

मुशाफिर, कथासूत्राबद्दल पटलं, पण मग मल्डरची सहकारी स्कली, तिचं काय? मल्डर म्हणतो 'मला विश्वास ठेवायचाय', आणि ती दर वेळी विचारते, पुरावा कुठाय? डॉक्टर बाई, शवविच्छेदन करते, अहवाल लिहिते, समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेते आणि तरी मान डोलवत नाही. मालिका तिला बऱ्याचदा चुकीची ठरवते, हा मालिकेचा दोष आहे. पण आज सगळ्यात जास्त गरज तिच्यासारख्या माणसाचीच आहे. तिला पाहून विज्ञानाकडे वळलेल्या मुलींबद्दल 'स्कली इफेक्ट' हा शब्दप्रयोग रूढ झाला, तो उगाच नाही.

आता माझी मालिका. 'प्राइम सस्पेक्ट', ब्रिटन, १९९१. लेखिका लिंडा ला प्लांट, आणि जेन टेनिसनच्या भूमिकेत हेलन मिरेन.

एका खुनाचा तपास चालू असताना त्या तपासाचा प्रमुख हृदयविकाराने मरतो. टेनिसन पात्र आहे, ज्येष्ठ आहे, तोवर तिला बाजूला ठेवलेलं आहे. ती वरिष्ठांकडे जाऊन ते काम मागते. मेलेल्या अधिकाऱ्याबद्दल हळहळ वाटत असतानाच आपली संधी आलीय हे तिला कळतं, आणि ती ते लपवत नाही. पुढचा सगळा वेळ तिला दोन तपास करावे लागतात: एक खुनाचा, दुसरा आपल्याच पथकाचा. सार्जंट ऑटली तिच्याशी उघड भांडत नाही. तो माहिती उशिरा देतो, अर्धी देतो, तिच्या पाठीमागे पथकाला चिथावतो आणि गेलेल्या साहेबांचं नाव सांभाळण्यासाठी पुरावा दडवतो. साध्या बैठकीत टेनिसन बोलायला लागली की कुणीतरी खुर्ची सरकवतो, कुणीतरी शेजाऱ्याकडे बघून हसतो. ज्या बाईने पुरुषांच्या पथकाची प्रमुख म्हणून काम केलंय तिला तो आवाज ओळखीचा वाटेल.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मालिका टेनिसनला 'चांगली' दाखवायचा आटापिटा करत नाही. ती महत्त्वाकांक्षी आहे, तुटक बोलते, कामापुढे घरचं विसरते, जोडीदार दुरावतो. तरीही तिला ते पद मिळायला हवं होतं, हा मुद्दा तसूभर ढळत नाही. हल्ली कर्तबगार स्त्री दाखवायची म्हणजे तिला आधी निर्दोष करून घेतात. १९९१ मध्ये ही तडजोड केली नव्हती.

सांजवारा

निळाई, +१. 'प्राइम सस्पेक्ट'चा तिसरा भागही (१९९३) बघा, बालशोषणाच्या प्रकरणात वरपर्यंतचे हात कसे आडवे येतात ते. तेव्हा प्रेक्षकांना तो अतिरंजित वाटला असेल का, हा विचार माझ्या मनात राहून राहून येतो.

दगडफूल

पोलिसांवर बोलणं चाललंय तर 'होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट' (१९९३-१९९९) घेतलीच पाहिजे. पत्रकार डेव्हिड सायमन यांनी बाल्टिमोरच्या खून-तपास पथकाबरोबर वर्षभर राहून जे पुस्तक लिहिलं त्यावर ती आधारलेली आहे.

पहिल्याच पर्वातला 'थ्री मेन अँड अडीना' हा भाग. अकरा वर्षांच्या अडीना वॉटसनचा खून झालाय. संशयित एक वयस्कर फेरीवाला. चौकशीच्या खोलीत तो, पेंबल्टन आणि बेलिस. हाताशी बारा तास. जवळजवळ सगळा भाग त्या एका खोलीत घडतो. टेबल, तीन खुर्च्या, उकाडा. दोन तपासनीस सगळं करून बघतात: जवळीक, दमदाटी, छायाचित्रं, धर्म, जुन्या आयुष्याची लक्तरं. म्हातारा खचतो, रडतो, त्या मुलीवर आपला जीव जडला होता हे कबूल करतो. खून कबूल करत नाही. बारा तास संपतात आणि तो उठून निघून जातो.

मला हादरवलं ते त्यानंतरच्या संभाषणाने. ज्या पेंबल्टनला सुरुवातीला शंका होती त्याची आता खात्री पटलीय की याच माणसाने खून केला. आणि ज्या बेलिसची खात्री होती तोच आता साशंक आहे. प्रकरण मालिकेत शेवटपर्यंत सुटत नाही. ज्या खऱ्या घटनेवर ते बेतलं तीही सुटली नाही. लेखक टॉम फोंटाना यांना या भागासाठी एमी हा अमेरिकेतला दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला.

खऱ्या गुन्ह्यांवरच्या मालिका आता रतीब घातल्यासारख्या येतात. शेवटच्या भागात कुणावर तरी बोट दाखवायचंच, असा त्यांचा शिरस्ता झालाय. प्रेक्षकही मग घरबसल्या न्यायाधीश होतात, कुणाच्या तरी दारापर्यंत पोचतात. अशा वेळी 'आम्हाला माहीत नाही' असं म्हणून थांबणारा हा तास मला कुठल्याही नव्या मालिकेपेक्षा धाडसी वाटतो.

कवडसा

दगडफूल, फारच चांगलं लिहिलंत. मला जे नीट मांडता येत नव्हतं ते तुमच्या प्रतिसादात सापडलं. ली, स्कली, टेनिसन, बेलिस. ज्या मालिका आपण इथे काढतोय त्यांच्यात प्रश्न मिटवून टाकायची घाई नाही. माणूस प्रश्नासकट घरी जातो. 'एक्स-फाइल्स'चं कटाचं कथासूत्र शिळं झालं आणि 'होसे चुंग' शिळा झाला नाही, याचं कारणही मला हेच दिसतं.

मुशाफिर

याला अपवाद म्हणून विनोदी मालिका घ्या. 'साइनफेल्ड' (१९८९-१९९८) मध्ये कसला आलाय प्रश्न? 'गळाभेट नाही, धडा नाही' हाच मालिकेचे सहनिर्माते लॅरी डेव्हिड यांचा नियम होता. तरी ती टिकलीय.

'द चायनीज रेस्टॉरंट' (मे १९९१) हा भाग बघा. तिघेजण टेबलाची वाट बघत उभे आहेत. व्यवस्थापक म्हणतो पाच-दहा मिनिटं. जॉर्जला सार्वजनिक फोनवरून मैत्रिणीला फोन करायचाय आणि फोन कुणीतरी अडवून ठेवलाय. एवढंच. त्यात गोष्टच नाही म्हणून वाहिनीचे अधिकारी तो दाखवायला नाखूश होते, डेव्हिड यांनी सोडून जायची तयारी दाखवली तेव्हा कुठे तो जसाच्या तसा गेला.

'आता मोबाइल आहेत, त्यामुळे साइनफेल्डची निम्मी कथानकं आज घडूच शकत नाहीत' असा एक नेहमीचा युक्तिवाद असतो. मला तो वरवरचा वाटतो. फोन गेला, पण आपल्या मागून आलेल्याला आधी आत सोडल्यावर पोटात जी आग पडते ती कुठे गेली? ती बोलून दाखवायची लाज, नियम कुणी ठरवले यावरची कुजबुज, भुकेने आलेला खोटा धीटपणा. हे सगळं त्या भागात अगदी बारकाईने पकडलंय. वस्तू जुन्या होतात, माणसाचा हावरेपणा नाही होत.

सांजवारा

तंत्रज्ञान जुनं झालं की मालिका जुनी होते, या समजाला माझ्याकडे एक भक्कम उत्तर आहे. 'सिरियल एक्स्पेरिमेंट्स लेन', जपान, १९९८, तेरा भाग, अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन.

शाळकरी, अबोल लेन. तिच्या शाळेतली एक मुलगी आत्महत्या करते आणि काही दिवसांनी मुलींना तिच्याकडून ई-मेल यायला लागतात. ती म्हणते, मी फक्त शरीर सोडलंय, मी इथेच आहे. 'इथे' म्हणजे 'वायर्ड', त्या जगातलं सर्वव्यापी जाळं. लेन हळूहळू त्यात ओढली जाते. तिची खोली आधी रिकामी, मऊ खेळण्यांची. मग एक संगणक येतो, मग आणखी, मग तारा, नळ्या, थंड करायचं पाणी, आणि शेवटी चालायला जागा उरत नाही. रस्त्यावरच्या विजेच्या तारांचा गुणगुणाट तर सगळ्या मालिकेत पार्श्वभूमीला चालू राहतो.

पण माझ्या मते खरा गाभा वेगळा आहे. वायर्डमध्ये आणखी एक लेन आहे. धीट, कुत्सित, चहाड्या करणारी. लेनची एकुलती एक जिवाभावाची मैत्रीण अ‍ॅलिस, तिचं शिक्षकावरचं गुपित प्रेम ही दुसरी लेन सगळ्यांना सांगून टाकते. शाळेच्या आवारात एकाच वेळी सगळ्या नजरा अ‍ॅलिसकडे वळतात. आणि लेनला सांगता येत नाही की ती मी नव्हते, कारण तिलाच खात्री नाही. फेसबुक यायच्या कितीतरी आधी हे लिहिलं गेलंय. आपल्या नावाने वावरणारी आपली दुसरी प्रतिमा, ती आपल्यापेक्षा जास्त लोकांना माहीत असणं, एका रात्रीत एखाद्या मुलीची अब्रू चव्हाट्यावर येणं. संगणकांची रूपं त्यात पार कालबाह्य आहेत, आणि तरी त्या आवारातल्या प्रसंगात एक अक्षर बदलावं लागणार नाही.

शेवटाकडे अ‍ॅलिस लेनचा हात धरून आपल्या छातीवर ठेवते. हृदय धडधडतंय, ऐक. सगळ्या तात्त्विक चर्चेला दिलेलं एवढं साधं उत्तर मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेलं नाही.

निळाई

सांजवारा, आजच सुरू करते.

आपल्याकडचं कुणीच काही घेतलं नाही, म्हणून दोन नावं. 'ब्योमकेश बक्षी' (दूरदर्शन, १९९३), दिग्दर्शक बासू चटर्जी. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित आणि आपल्या सुकन्या कुलकर्णी सत्यवती. गोष्ट आधीच जुन्या बंगालमधली, त्यामुळे ती जुनी व्हायचा प्रश्न नाही. आवाज न चढवता विचार करणारा नायक आजही दुर्मीळ आहे.

दुसरी 'साँस' (१९९८). नीना गुप्ता यांनी स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि प्रियाची भूमिकाही केली. नवरा दुसऱ्या बाईत गुंततो आणि घर सोडतो. पुढच्या दशकातल्या मालिकांनी याच कथेत कारस्थानी खलनायिका आणि भडक पार्श्वसंगीत भरलं. 'साँस'मध्ये ती दुसरी बाईसुद्धा माणूस आहे, नवराही राक्षस नाही, आणि प्रियाला एका दिवसात 'खंबीर' व्हायची सक्ती नाही. तिला वेळ लागतो. रडायला, रागवायला, आणि आता तो नसेल तर मी कोण हे शोधायला. तो वेळ पडद्यावर देणं आज कुणाला परवडतं?

दगडफूल

वेळेवरून आठवलं. अमेरिकेतल्या वाहिन्यांवर तेव्हा एका पर्वात बावीसच्या आसपास भाग असायचे, 'डीप स्पेस नाइन'चे तर बहुतेक पर्वांत सव्वीस. आता आठ. आठ भागांत प्रत्येक मिनिटाला कथा पुढे ढकलावी लागते. एका खोलीत तास घालवणारा किंवा टेबलाची वाट बघणारा भाग त्यात बसणार कुठे? त्या लांब पर्वांमध्ये भरताडही खूप होती हे खरं, पण 'फार बियॉन्ड' त्याच ढिलेपणातून आला.

आणि एक तक्रार, जी मनापासून करायचीय. या मालिका आज आपल्यापर्यंत धड पोचत नाहीत. त्या जवळपास चौकोनी पडद्यासाठी बनल्या होत्या. रुंद पडदा भरायचा म्हणून वरचा-खालचा भाग कापतात. 'साइनफेल्ड'च्या 'द पॉटहोल' या भागात दोघे रस्त्यातल्या ज्या खड्ड्याकडे बघून बोलतात तो खड्डाच नेटफ्लिक्सवर चौकटीबाहेर गेला. 'द सिम्पसन्स'मध्ये डफ बिअरचे तीन वेगळे प्रकार एकाच नळातून येतात असा विनोद आहे. डिस्नी प्लसवर तो नळ कापला गेला होता. लोकांनी ओरड केल्यावर २०२० मध्ये त्यांनी मूळ आकाराचा पर्याय दिला. 'होमिसाइड' तर त्यातल्या गाण्यांच्या हक्कांमुळे कित्येक वर्षं कुठल्याही स्ट्रीमिंगवर नव्हती, २०२४ मध्ये आली. 'डीप स्पेस नाइन'चे दृश्यपरिणाम तेव्हा व्हिडिओवर जोडलेले असल्यामुळे आजच्या दर्जाची प्रत काढायची तर मूळ फिल्मवरून सगळं पुन्हा जुळवावं लागेल, आणि तो खर्च करायला कुणी पुढे आलेलं नाही.

कवडसा

हा मुद्दा स्वतंत्र धाग्याचा आहे, दगडफूल, जरूर काढा. मालिका आज लागू पडते की नाही हे ठरवायला ती आधी पूर्ण दिसली पाहिजे.

कुणाला सुरुवात करायची असेल तर इथल्या चर्चेवरून माझा सल्ला असा. 'डीप स्पेस नाइन' पहिल्या भागापासून न बघता थेट तिसऱ्या पर्वातला 'पास्ट टेन्स' लावा, पात्रांची आधीची ओळख नसली तरी अडत नाही. 'होमिसाइड' मात्र पहिल्या भागापासूनच बघा. अडीनाचं प्रकरण तिथे सुरू होतं आणि बेलिसची ती पहिलीच केस आहे. ती त्याच्या मनातून का जात नाही हे कळायला आधीचे भाग हवेत. 'लेन' क्रमानेच, आणि पहिले तीन भाग काही उलगडलं नाही तरी थांबू नका. 'प्राइम सस्पेक्ट' एका सुट्टीच्या दिवशी सलग. 'एक्स-फाइल्स'मधून डॅरिन मॉर्गन यांचे भाग वेचून घ्या, 'क्लाइड ब्रकमन्स फायनल रिपोज'पासून.

'साँस' कुठे नीट प्रतीत बघायला मिळत असेल तर निळाई, इथे नक्की सांगा.